मजकूर-आच्छादन, चिन्हांकित दस्तऐवजांतील

संगणकीय दस्तऐवजाची रचना अबाधित ठेवून त्यातील मजकूर आज्ञावलीच्या साहाय्याने जाणूनबुजून वाचता न येण्याजोगा करणे, या क्रियेस मजकूर-आच्छादन असे म्हणतात. प्रकरणे, परिच्छेद, कोष्टके, रकान्यांची नावे व त्यांचे परस्परसंबंध यांचा अंतर्भाव रचनेत होतो. त्यांच्या आत भरलेले शब्द व आकडे म्हणजे मजकूर. ज्या दस्तऐवजात मजकुराच्या प्रत्येक भागाच्या आरंभी व अंती त्या भागाचे स्वरूप सांगणाऱ्या खुणा घातलेल्या असतात, त्यास चिन्हांकित दस्तऐवज म्हणतात. उदा., ‹रुग्ण›‹नाव›सदाशिव‹/नाव›‹गाव›पुणे‹/गाव›‹/रुग्ण› या नोंदीत ‘सदाशिव’ व ‘पुणे’ हा मजकूर असून बाकीची रचना होय.

रुग्णालयातील नोंदी संशोधकांस देताना, न्यायालयीन कागदपत्रे प्रसिद्ध करताना किंवा नव्या संगणक प्रणालीची चाचणी घेताना या क्रियेची गरज भासते. एखादी फाईल उघडेनाशी झाल्यास ती दुरुस्तीसाठी आज्ञावलीच्या कर्त्यांकडे पाठवावी लागते. बिघाड बहुधा रचनेत असल्याने त्यांना रचना मुळाबरहुकूम हवी असते. मजकूर मात्र त्यांनी पाहावा अशी फाईलच्या मालकाची इच्छा नसते. आच्छादनाच्या मुख्य पद्धती तीन आहेत : (१) मजकूर काढून टाकून तेथे रिक्त जागेची खूण ठेवणे, (२) मजकुराच्या जागी निरर्थक अक्षरे अथवा टोपणनावे घालणे आणि (३) मजकुराचे गुप्तलेखनात रूपांतर करणे. पहिल्या दोन पद्धतींत मूळ मजकूर परत मिळू नये अशी अपेक्षा असते, तर तिसरीत किल्ली जवळ असणाऱ्यास तो पुन्हा वाचता येतो.

पूर्वपीठिका : चिन्हांकनाचा उगम मुद्रणव्यवसायात आहे. हस्तलिखित खिळे जुळवणाऱ्याच्या हाती देण्यापूर्वी शीर्षक कोणत्या मापाचे, परिच्छेद कोठे तोडावा, तिरपा ठसा कोठे वापरावा इत्यादी सूचना समासात खुणांनी लिहिण्याची प्रथा होती. रचना दिसावी पण अर्थाने लक्ष विचलित होऊ नये, ही गरजही मुद्रणव्यवसायातच निर्माण झाली. पानाची मांडणी दाखविण्यासाठी ‘लोरेम इप्सम’ या शब्दांनी सुरू होणारा लॅटिन भासणारा मजकूर वापरला जातो. सिसरो (इ. स. पू. १०६–४३) याच्या इ. स. पू. ४५ मधील एका तत्त्वज्ञानविषयक ग्रंथातील वाक्यांची मोडतोड करून तो तयार झाला असून १९६०–७० या दशकात लेट्रासेट कंपनीच्या अक्षरपत्रांमुळे तो सर्वत्र पसरला. खऱ्या मजकुराच्या जागी निरर्थक मजकूर घालून रचना टिकविण्याचे हे संगणकपूर्व उदाहरण होय.

सप्टेंबर १९६७ मध्ये विल्यम टनिक्लिफ यांनी कॅनडाच्या शासकीय मुद्रण कार्यालयातील एका सभेत दस्तऐवजाचा आशय व त्याचे दृश्य स्वरूप यांची फारकत करावी, असा विचार मांडला. १९६९ साली इंटरनॅशनल बिझिनेस मशीन्स या कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी यांनी विधी-कार्यालयांतील कागदपत्रांच्या साठवणीसाठी एक चिन्हांकन भाषा तयार केली. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिचे ‘जीएमएल’ हे नाव साधण्यात आले. गोल्डफार्ब हे स्वतः वकील होते. या भाषेच्या विकासातून पुढे ‘एसजीएमएल’ ही प्रमाण भाषा निर्माण झाली व १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेने तिला ८८७९ क्रमांकाचे मानक म्हणून मान्यता दिली. टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत विश्वजालासाठी योजलेली ‘एचटीएमएल’ भाषा आणि १० फेब्रुवारी १९९८ रोजी विश्वजाल संघाने शिफारस केलेली ‘एक्सएमएल’ भाषा या दोन्ही याच परंपरेतील होत. २००६ नंतर प्रमाणित झालेल्या कार्यालयीन फाईलींच्या दोन्ही प्रमुख पद्धतींत दस्तऐवज म्हणजे एक्सएमएल फाईलींचे दाबून बांधलेले गाठोडेच असते.

मजकूर कोठे सुरू होतो व कोठे संपतो हे यंत्रास खुणांवरून कळू लागल्याने तो निवडून झाकणेही यंत्रास शक्य झाले. साध्या अक्षरमालेतून नाव हुडकणे कठीण असते. ‹नाव› या खुणेने ते आपसूक सापडते. मात्र हीच सोय आच्छादन भेदू पाहणाऱ्यासही उपलब्ध झाली.

प्रारंभीचे प्रयोग : १९८०–९० या दशकाच्या आरंभी यूझनेट या संदेशजालात विनोद व कोड्यांची उत्तरे एकदम वाचली जाऊ नयेत म्हणून इंग्रजी वर्णमालेतील प्रत्येक अक्षर तेरा स्थाने पुढे सरकविण्याची रीत रूढ झाली. वर्णमाला सव्वीस अक्षरांची असल्याने तीच क्रिया दुसऱ्यांदा केली की मूळ मजकूर परत मिळे. गुप्ततेपेक्षा शिष्टाचाराचाच हा भाग होता. विश्वजालाच्या प्रसारानंतर पृष्ठांवरील विपत्र-पत्ते गोळा करणाऱ्या आज्ञावली निघाल्या. त्यांना चकविण्यासाठी पत्त्यातील अक्षरांऐवजी त्यांचे सांकेतिक क्रमांक लिहिणे किंवा पत्ता वाचकाच्या संगणकावर आज्ञावलीने जुळवून दाखविणे, असे उपाय योजण्यात आले. जे वाचकाच्या डोळ्यांस दिसते ते यंत्रासही शेवटी वाचता येते, त्यामुळे अशा उपायांचा प्रभाव अल्पकाळच टिकतो.

रूपांतरणाची कार्यपद्धती : १६ नोव्हेंबर १९९९ रोजी विश्वजाल संघाने ‘एक्सएसएलटी’ ही रूपांतरण भाषा व दस्तऐवजातील घटक निवडण्याची ‘एक्सपाथ’ ही पद्धती प्रमाणित केली. त्यायोगे आच्छादनाचे काम दोन नियमांत लिहिता येऊ लागले. पहिला नियम दस्तऐवजातील प्रत्येक घटकाची जशीच्या तशी नक्कल करतो. दुसरा नियम केवळ मजकुराच्या गाठींना लागू होऊन त्यांतील प्रत्येक अक्षराच्या जागी ठराविक अक्षर घालतो. एक्सपाथमधील अक्षरबदलाचे फलन त्यासाठी पुरेसे असते. हजारो पानांचा दस्तऐवज अशा रीतीने अल्पावधीत झाकता येतो.

या सुटसुटीतपणात काही धोके दडलेले आहेत. चिन्हांकित दस्तऐवजात मजकूर केवळ खुणांच्या दरम्यानच नसतो. खुणेच्या आत लिहिलेले गुणधर्म, लेखकाने स्वतःसाठी ठेवलेल्या टिपा, चित्रांच्या फाईलींची नावे, वगळलेल्या परंतु बदलनोंदींत शिल्लक राहिलेल्या ओळी आणि दस्तऐवजकर्त्याचे नाव या सर्व ठिकाणी माहिती असते. वरील दुसरा नियम यांपैकी गुणधर्मांस व टिपांस स्पर्शही करीत नाही. दुसरी अडचण रचना-नियमांची आहे. रकान्यात दिनांकच असला पाहिजे असे बंधन असल्यास तेथे निरर्थक अक्षरे घालता येत नाहीत. दुसरा खोटा दिनांकच घालावा लागतो. तसेच एकच व्यक्ती दहा ठिकाणी आली असेल, तर दहाही ठिकाणी तिला एकच टोपणनाव मिळावे लागते. अन्यथा नोंदींतील संबंध तुटतो व दस्तऐवज संशोधनास निरुपयोगी ठरतो. मजकुराचा नमुना कायम ठेवून त्याचे गुप्तलेखन करणाऱ्या दोन रीती अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविज्ञान संस्थेने मार्च २०१६ मध्ये प्रमाणित केल्या. पुढच्याच वर्षी त्यांपैकी एकीत दोष आढळला.

देवनागरी मजकूर : रोमन लिपीसाठी लिहिलेल्या आज्ञावली मराठी मजकुरास लावल्यास आच्छादन अपुरे राहते. भारतीय लिपींसाठी १९८८ मध्ये तयार झालेल्या ‘इस्की’ संकेतावलीवर आधारलेला देवनागरी विभाग १९९१ च्या युनिकोड मानकात समाविष्ट झाला. त्यात १२८ स्थाने असून व्यंजन व त्यास लागणारी मात्रा यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. व्यंजने ‘अक्षर’ या वर्गात, तर काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार व हलन्त ही ‘चिन्ह’ या वर्गात मोडतात. ‘सर्व अक्षरे बदला’ अशी आज्ञा दिल्यास चिन्हे शिल्लक राहतात. व्यंजनांच्या जागी ‘क’ घातल्यास ‘सिंधुदुर्ग’ चे ‘किंकुकुक्क’ होते आणि महाराष्ट्रातील छत्तीस जिल्ह्यांत हा साचा दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्याच्या नावास लागू पडत नाही. ‘पुणे’ चे ‘कुके’ होते. तो साचा फक्त ‘धुळे’ या नावाशी जुळतो. रोमन अंकच बदलणाऱ्या आज्ञावलीतून देवनागरी अंकही निसटतात. म्हणून देवनागरी मजकुराचे आच्छादन करताना चिन्हांसह संपूर्ण शब्दच बदलणे व त्याची लांबीही कायम न ठेवणे इष्ट असते.

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर विशिष्ट टंकांवर अवलंबून असे व तो टंक नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांची निरर्थक रास दिसे. हे आच्छादन अनाहूत होते. त्याने गुप्तता लाभली नाही, कारण टंकांची कोष्टके तयार करून मजकूर युनिकोडमध्ये उतरविणाऱ्या आज्ञावली पुढे निघाल्या. जुन्या मजकुराचा शोध व पुनर्वापर मात्र दीर्घकाळ अवघड होऊन बसला.

गुप्तलेखनाचा मार्ग : १० डिसेंबर २००२ रोजी विश्वजाल संघाने एक्सएमएल दस्तऐवजातील निवडक भागाच्या गुप्तलेखनाची पद्धती प्रमाणित केली. तीनुसार झाकावयाच्या घटकाच्या जागी गुप्तमजकूर धारण करणारा दुसरा घटक येतो व भोवतालचा दस्तऐवज वाचनीय राहतो. मजकूर एका तात्पुरत्या किल्लीने झाकून ती किल्ली प्राप्तकर्त्याच्या जाहीर किल्लीने झाकली जाते. २०११ मध्ये बोखुम येथील रूर विद्यापीठातील टिबोर यागर व युराय सोमोरोव्स्की यांनी या पद्धतीतील एक उणीव दाखवून दिली. गुप्तमजकुरात थोडा फेरफार करून तो सेवासंगणकाकडे पाठविल्यास, उलगडलेला मजकूर एक्सएमएलच्या नियमांत न बसल्याबद्दल दोषसूचना मिळे. अशा सूचनांच्या आधारे, दर अक्षरांकामागे सरासरी १४ विचारणा करून, किल्लीविना मूळ मजकूर वाचता येत होता. गुप्तलेखनाचे गणित शाबूत असताना रचनेच्या तपासणीनेच मजकूर उघड केला, हे या घटनेचे वैशिष्ट्य होय. एप्रिल २०१३ च्या सुधारित आवृत्तीत फेरफार ओळखणारी गुप्तलेखनरीत समाविष्ट करण्यात आली.

झाकलेला दस्तऐवज खरा कसा मानावा, हाही प्रश्न उद्‌भवला. अंकीय स्वाक्षरी केलेल्या दस्तऐवजातील एक शब्द जरी झाकला, तरी स्वाक्षरी अवैध ठरते. यावर उपाय म्हणून काही भाग काढला तरी उरलेल्या भागाची ग्वाही देणाऱ्या स्वाक्षऱ्यांची कल्पना २००१–०२ या काळात मांडण्यात आली.

अपयशाचे प्रसंग : आच्छादनाचा इतिहास बव्हंशी त्याच्या अपयशांतून कळतो. २००३ च्या प्रारंभी ब्रिटिश शासनाने इराकविषयक एक टिपण शब्दप्रक्रियक फाईलीच्या रूपात प्रसिद्ध केले. फाईलीत दडलेल्या बदलनोंदींवरून ते कोणाकोणाच्या हाताखालून गेले हे उघड झाले. मार्च २००५ मध्ये बगदाद येथे इटलीचे गुप्तचर अधिकारी नीकोला कालीपारी मारले गेले. त्यासंबंधीचा अमेरिकी लष्कराचा अहवाल काही भाग काळ्या पट्ट्यांनी झाकून प्रसिद्ध करण्यात आला. पट्टे मजकुरावर केवळ रेखाटलेले होते. मजकूर फाईलीत तसाच होता. तो निवडून दुसरीकडे उतरविताच सैनिकांची नावे व तपासनाक्यांची कार्यपद्धती वाचकांसमोर आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने मजकूर सुरक्षितपणे वगळण्याविषयी मार्गदर्शिका काढली. तरीही जानेवारी २०१९ मध्ये पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी वॉशिंग्टन येथील न्यायालयात सादर केलेल्या कागदपत्रांत हीच चूक पुन्हा घडली. छापील कागदावर शाई फासली की खालचे अक्षर नष्टप्राय होते. संगणकीय दस्तऐवजात वरचा थर व खालचा मजकूर या दोन स्वतंत्र नोंदी असतात. कागदाची सवय संगणकास लावणे हे या घटनांमागील समान कारण होय.

दुसऱ्या प्रकारच्या अपयशात आच्छादन निर्दोष असूनही व्यक्ती ओळखली जाते. १९९०–२००० या दशकात लॅटान्या स्वीनी यांनी मॅसॅचूसेट्‌स राज्यातील नावे वगळलेल्या वैद्यकीय नोंदी व मतदारयादी यांची सांगड घालून तत्कालीन राज्यपालांची नोंद शोधून काढली. जन्मदिनांक, लिंग व टपाल विभागाचा पाच अंकी क्रमांक एवढ्यावरून सु. ८७ टक्के अमेरिकी नागरिक एकमेव ठरतात, असा अंदाज त्यांनी २००० साली मांडला. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल कंपनीने सु. साडेसहा लाख ग्राहकांच्या सु. दोन कोटी शोधविचारणा, नावांऐवजी क्रमांक घालून, संशोधनार्थ खुल्या केल्या. विचारणांच्या आशयावरूनच न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी जॉर्जिया राज्यातील एका वृद्धेचे घर गाठले. २०१४ मध्ये न्यूयॉर्क शहरातील टॅक्सींच्या सु. १७ कोटी ३० लक्ष फेऱ्यांची माहिती, परवाना क्रमांकांच्या जागी त्यांचे सारांक घालून देण्यात आली. क्रमांकांचे नमुने मर्यादित असल्याने सर्व शक्य क्रमांकांचे सारांक काढून मूळ क्रमांक परत मिळविण्यात आले. परिणामी चालकांची कमाई व हालचाली परक्यांस कळू शकत होत्या.

भारतातील स्थिती : भारतात व्यक्तीची ओळख झाकण्याचे कायदेशीर बंधन संगणकयुगापूर्वीचे आहे. १९८३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत समाविष्ट झालेल्या कलम २२८ अ अन्वये बलात्कारपीडितेची ओळख प्रसिद्ध करणे गुन्हा ठरले. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम १० अन्वये अभिलेखातील अपवादात्मक भाग वेगळा काढून उरलेला भाग अर्जदारास देता येतो. म्हणजे एका कायद्याने झाकण्याचे, तर दुसऱ्याने झाकून उरलेले उघड करण्याचे कर्तव्य लादले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला व २०२३ मध्ये संसदेने अंकीय वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संमत केला.

चिन्हांकित दस्तऐवजातील आच्छादनाचे भारतातील एक व्यापक उदाहरण आधार योजनेत आढळते. या योजनेतील पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. ओळख पडताळताना व्यक्तीची माहिती एक्सएमएल घटकात भरून ती गुप्तलेखनाने झाकूनच पाठविली जाते. २०१८ च्या सुमारास नागरिकांस स्वतः उतरवून घेता येईल असा अंकीय स्वाक्षरीयुक्त एक्सएमएल दस्तऐवज उपलब्ध झाला. त्यात आधार क्रमांकाचे फक्त शेवटचे चार अंक असतात व भ्रमणध्वनी क्रमांकाऐवजी त्याचा सारांक असतो. सारांक काढताना नागरिकाने निवडलेला सांकेतिक शब्द मिसळला जातो व आधार क्रमांकाच्या अंत्य अंकाएवढ्या वेळा क्रिया पुन्हा केली जाते. त्यामुळे क्रमांक न सांगता तो पडताळता येतो. तथापि भ्रमणध्वनी क्रमांक दहा अंकी असल्याने, सांकेतिक शब्द ज्याच्या हाती आहे त्यास सर्व शक्यता तपासून पाहणे तत्त्वतः शक्य असते.

मूल्यमापन : आशय व रचना यांची फारकत शक्य आहे, या १९६७ मधील विचारावर आच्छादनाचे तंत्र उभे आहे. अनुभवाने मात्र ही फारकत पूर्ण नसते असे दाखवून दिले. खुणेचे नावच अनेकदा मजकुराइतके बोलके असते. रुग्णाच्या नोंदीत क्षयरोग-उपचार अशी खूण असेल, तर तिच्या आतील मजकूर पुसल्याने रोग लपत नाही. मजकुराची लांबी, घटकांची संख्या व रिकामे रकाने यांवरूनही तर्क करता येतो. विद्वत्संहितांच्या चिन्हांकनासाठी १९८७ पासून विकसित होत असलेल्या ‘टीईआय’ पद्धतीत वगळलेल्या मजकुराच्या जागी रिक्ततेची खूण व वगळण्याचे कारण नोंदविण्याची सोय आहे. काय झाकले हे न सांगता काही झाकले आहे एवढे वाचकास प्रामाणिकपणे कळविणारी ही रीत शासकीय अभिलेखांसही उपयुक्त ठरणारी आहे.

आज्ञावली मजकूर झाकू शकते. काय झाकावे याचा निर्णय मात्र तिला घेता येत नाही. दस्तऐवज कोणाच्या हाती जाणार, त्याच्याजवळ दुसरी कोणती माहिती असू शकेल व ओळख उघड झाल्यास हानी कोणाची होईल, यांचा विचार करूनच तो निर्णय घ्यावा लागतो. मॅसॅचूसेट्‌समधील रुग्ण, न्यूयॉर्कमधील टॅक्सीचालक व बगदादच्या नाक्यावरील सैनिक यांच्यापैकी कोणीही स्वतःचा दस्तऐवज स्वतः झाकलेला नव्हता. आच्छादनातील त्रुटीची झळ दस्तऐवज प्रसिद्ध करणाऱ्यापेक्षा ज्याची नोंद त्यात आहे त्यास अधिक पोहोचते, हे या विषयाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.